डाव्या पानावरचा रामजन्म

या, असे पुढे सरका. मागच्या खांबाला टेकू नका. कथेला बसून खांबाला टेकणाऱ्याचे काय होते ते मला चांगले ठाऊक आहे, आणि घटकाभरात तुम्हालाही कळेल. पानसुपारी मागाहून होईल, आधी एक गोष्ट सांगतो. ही गोष्ट मी पंचेचाळीस वर्षे सांगत आलो, लग्नाच्या पंगतीत, मुंजीत, एकदा तर मयताला जाऊन आल्यावरसुद्धा. आज ती जशी आहे तशी सांगायची आहे. हसू आले तर दाबू नका. देवाला दाबलेल्या हसण्याचा नैवेद्य चालत नाही, असे आमचे बुवा म्हणत.

त्या गुरुवारी सकाळी मी ज्ञानसत्राची कडी काढली. दीक्षितपुऱ्यातल्या त्या खोलीला कुलूप नाही. कडीत एक काडी खुपसलेली असते, ती फक्त गाईंसाठी. माणसाला अडवायचे नाही हा आमचा पहिला नियम आणि तो भिंतीवर गेरूने लिहिलेला आहे. सवयीने मी वही उघडली. उजव्या पानावर माझा मजकूर होता, चैत्रातच लिहिलेला, काळ्या शाईचा, समासाला धरून. आणि शेजारचे डावे पान, जे काल संध्याकाळपर्यंत कोरे होते, ते अर्धे भरलेले होते. मी उभ्यानेच वाचले. मग बसून वाचले. मग चष्मा पुसून वाचले, कारण माणसाला आधी काचेवरच संशय येतो. तिथे लिहिले होते: ‘असे झाले नाही. ओळ त्या मुलाने म्हटली नाही. तो खांबाला टेकून झोपला होता. ओळ खांबामागे बायकांत बसलेल्या शकुने म्हटली. बुवा आवाजाच्या दिशेने वळले तेव्हा मुलगा दचकून उभा राहिला, म्हणून हार त्याला मिळाला. मुलगा तेजस्वी होता की नाही ते सांगता येत नाही. टोपी उलटी झाली होती. तोंडाला लाळ होती.’

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय झाले? सांगतो. पण त्याआधी ती वही काय ते सांगायला हवे, नाहीतर लाळ तेवढी तुमच्या लक्षात राहील. मी तीस वर्षे कचेरीच्या दप्तरखान्यात होतो. लोखंडी मांडण्यांवर अख्ख्या जिल्ह्याची माहिती बांधून ठेवलेली, लाल कापडात, वर गाठ, आणि त्या गाठीचा मी राखणदार. मझौलीहून माणूस पायी यायचा, आपल्याच शेताची हद्द काय लिहिली आहे ते पाहायला, आणि अर्ज चुकीच्या कागदावर आहे म्हणून मी त्याला परत पाठवायचो. सभ्यपणे पाठवायचो, पण पाठवायचो. एका उन्हाळ्यात एक म्हातारा दारातच बसला आणि म्हणाला, “भैया, मोरो खेत मोही को नईं बताओगे?” माझेच शेत मलाच नाही सांगणार? ते वाक्य मी घरी आणले, आणि ते घरातून गेले नाही. जेवताना पाटाशेजारी येऊन बसायचे. दोन वर्षांपूर्वी, पेन्शनीला थोडे दिवस उरले असताना, मी आणि भूगोलाचे मास्तर भाऊराव यांनी ही खोली घेतली आणि तिला ज्ञानसत्र नाव दिले. अन्नसत्रात जसे पान वाढताना जात-गाव विचारत नाहीत, तसे इथे. वही सगळ्यांची. ज्याला जे ठाऊक त्याने ते उजव्या पानावर लिहावे: विहिरीचे पाणी कशाने निवळते, तोफगाडीच्या कारखान्यात भरती व्हायला कोणते दाखले लागतात, विंचू उतरतो का. लिहिता येत नसेल त्याने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. लिहिणाऱ्याने आपले नाव घालू नये. आणि डावे पान कोरे सोडावे, ज्याला चूक दिसेल त्याच्यासाठी. उजवे पान खोडायचे नाही, डावे फाडायचे नाही. वर्षातून एकदा, सत्राच्या वाढदिवशी, निवडक मजकूर मोठ्याने वाचायचा, उजवे पान आणि डावे पान, दोन्ही. जगात अन्नसत्रात जेवून मिरपूड मागणाऱ्याला हसतात. मी उद्‌घाटनाच्या भाषणात म्हटले होते, आमच्या सत्रात मिरपूड मागण्याचा हक्क आहे. टाळ्या पडल्या होत्या. तो वाढदिवस येत्या रविवारी होता, आणि वाचणारा मी होतो.

मिरपूड पहिल्यांदा भाऊरावांच्या डोळ्यांत गेली होती. त्यांनी बैलाच्या खुरांवरचा एक लेप कुठल्याशा पुस्तकातून उतरवून दिला होता, सुबक आकृतीसह. मझौलीच्या बाजूचा नथ्थू गाडीवाला तो वाचून घेऊन गेला आणि आठ दिवसांनी परत आला. त्याला लिहिता येत नाही. तो म्हणाला, “पंडितजी, लिखो. जो लेप लगाहौ तो बैल तीन पाँव को हो जैहै.” मी ते डाव्या पानावर तसेच्या तसे लिहिले. भाऊराव तीन दिवस सत्रात आले नाहीत. चौथ्या दिवशी आले तेव्हा मी त्यांना अहंकारावर अर्धा तास निरूपण दिले. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये एक दृष्टांत. ‘माझे’ हा शब्द वहीच्या दारात जोड्यासारखा काढून ठेवावा, असे म्हणालो. नथ्थू काही न कळता मान डोलावत होता, आणि मला फार बरे वाटत होते. आता त्या गुरुवारी, वहीसमोर बसून, मला ते सगळे निरूपण शब्दशः आठवू लागले, आणि प्रत्येक शब्द आपापले जोडे पायात घालून परत आला.

माझी गोष्ट अशी होती. होती म्हणतो. मी नऊ वर्षांचा. रामनवमी, मारुतीच्या देवळात अनंतबुवा मुलताईकरांचे रामजन्माचे कीर्तन. चैत्रातले जबलपूर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. फरशीसुद्धा घाम गाळते. पोटात उपासाचे पन्हे, नाकात सुंठवड्याचा वास, झांजांचा आवाज उन्हात वितळून कानात ओतल्यासारखा. बुवांनी त्या वर्षी जन्मासाठी नवी साकी, म्हणजे दोन ओळींचे पद, रचली होती, अगदी ताजी. बाराला तीन मिनिटे असताना त्यांनी पहिली ओळ घेतली: ‘थांबे वारा, थांबे शरयू, थांबे पिंपळपाला’. आणि ते स्वतःच थांबले. दुसरी ओळ आठवेना. पुन्हा पहिली म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली. मृदंगवाला उगाच तिहाई घेत राहिला. घड्याळाचा काटा सरकतो आहे, पुजारी मुठीत गुलाल धरून, पाळण्याची दोरी धरलेल्या बायका तोंड उघडून. वारा थांबलेला, शरयू थांबलेली, आणि कौसल्या अडलेली! अशा वेळी एक बाल आवाज उठला: ‘थांबे ना परि कळ मातेची, राम उभा दाराला’. टण्‌ टण्‌ बारा पडले. गुलाल उडाला. बुवांनी गळ्यातला हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. झेंडूचा ओला दोरा मानेला टोचला, तो आत्ताही टोचतो. पुढे जन्मभर कुणी विचारले, विष्णू, नवी साकी तुला कशी रे ठाऊक, तर माझे वडील सांगत, पूर्वजन्मीचे संस्कार. मग मीही तेच सांगू लागलो. कीर्तनाचे वेड लागले ते त्यामुळेच. दप्तरखान्यात साहेब ओरडला की मी मनात म्हणायचो, ओरड बाबा, रामाचा जन्म माझ्यावाचून अडला होता. वहीत मी नाव घातले नाही, नियम म्हणजे नियम. ‘एका नऊ वर्षांच्या तेजस्वी बालकाने’ एवढेच लिहिले. भाऊरावांनी तेव्हाच विचारले होते, “तेजस्वी ही माहिती झाली का जी, पंत?” मी म्हटले होते, “भावार्थ आहे.”

आणि त्या डाव्या पानात सगळ्यांत भयंकर काय होते सांगू? अक्षर. ते माझे अक्षर होते. ळ चा पोटात वळलेला वेढा माझा, ख च्या मागची उगाच लांबवलेली शेपटी माझी. क्षणभर मला वाटले मीच हे लिहिले, झोपेत उठून आलो, माझ्याविरुद्ध साक्ष दिली आणि काडी खुपसून परत गेलो. हाताला शाई लागली आहे का ते पाहिले. मग आठवले की दुपारी खोलीत बायकांचा लिहिण्याचा वर्ग भरतो, अकरा जणी, आणि त्यांना गिरवायला कित्ता मी माझ्या हाताने घालून देतो. दीड वर्ष मी अकरा बायकांना माझेच अक्षर शिकवत होतो, मोफत.

भाऊराव आले, माझ्या खांद्यावरून वाचले, आणि खुर्चीत असे बसले की जणू त्यांना कुणी जावई म्हणून बोलावले आहे.

“काहून पंत, चेहरा असा उतरून राहिला?”

“दुरुस्ती आहे.”

“अच्छा, अच्छा. असायचीच. तुम्हीच म्हणत होते ना, माझे हा शब्द जोड्यासारखा—”

“आठवतं मला.”

“लाळ हा मात्र भावार्थ नाही जी. ही माहिती आहे.” एवढे म्हणून त्यांनी तपकीर ओढली आणि पुढच्या तीन शिंका मला हसण्यासारख्या ऐकू आल्या. मग जरा नरमून म्हणाले, “रविवारी दुसरं काही वाचा. विहिरीच्या पाण्याचं वाचा. कोण विचारतं?”

कोण विचारतो! हाच तर माझ्या मनाचा चावटपणा होता, त्याने आधीच चार युक्त्या काढून ठेवल्या होत्या. पहिली, दोन पाने एकमेकांना डिंकाने चिकटली असे दाखवावे. दुसरी, पाणी सांडावे. चैत्र-वैशाखात माठ फुटतातच. तिसरी, डाव्या पानाखाली बारीक अक्षरात लिहावे, ‘या दुरुस्तीस पुरावा नाही’, आणि ते वाक्य म्हणजे दप्तरखान्यातला मी होतो, लाल कापड घेऊन परत आलेला. चौथी सांगत नाही, तीत काडेपेटी होती. मी रामरक्षा म्हणायला बसलो तर मधेच मला ऐकू येई, तोंडाला लाळ होती. देवा, नऊ वर्षांच्या मुलाच्या लाळेने पंचावन्न वर्षांच्या माणसाची दाढी भिजू शकते, हे कुठल्या पोथीत सांगितले आहे?

लिहिणाऱ्याचे नाव शोधायचे नाही हाही नियम होता. तो मी दुपारी मोडला. वर्गाला म्हटले, आज शुद्धलेखन. पाट्या काढा. आणि घातले: खांब. टोपी. हार. दचकून. मग जरा थांबून, छताकडे पाहत, जणू सहज सुचले म्हणून: लाळ. अकरा पेन्सिली कुरकुरल्या. मी एकेक पाटी पाहत फिरलो. अकरा पाट्यांवर अकरा वेळा माझाच ळ, पोटात वळलेला, मला वेडावणारा. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक जण म्हणाली, “गुरुजी, लाळ कुणाची?” आणि त्या सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या, मीही हसलो, कारण न हसलो असतो तर ओळखले असते. वर्ग सुटला. दहा जणी गेल्या. अकरावी पाटी पुसत बसली होती, ओल्या फडक्याने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तवा पुसावा तशी. ती आमची सत्यभामा. माझी बायको.

“लाळ काहून लिहायला लावली सगळ्यांना?” ती वर न पाहता म्हणाली. “मला विचारायचं.”

मी म्हटले, “तू?”

“मी.”

ती याच दीक्षितपुऱ्यातली. तेव्हा सात वर्षांची, खांबाच्या पलीकडे बायकांत बसलेली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासमोर ती गोष्ट किती वेळा सांगितली असेन याचा हिशोब मी करणार नाही. ती दर वेळी ताक वाढत असे. दर वेळी, हार घातला या वाक्यावर, ती ताक वाढत असे.

“इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“कशी बोलू जी? सासरे पाटावर बसून संस्कार सांगून राहिले, तुम्ही मान हलवून राहिले. मधेच मी म्हणू, मामंजी, हे झोपले होते? मग वाटलं, जाऊ दे, हार झेंडूचाच तर होता.” ती पाटी खाली ठेवून म्हणाली, “पण तुम्हीच भिंतीवर लिहून ठेवलं. ज्याला चूक दिसेल त्याने. मी वाचू लागले तेव्हा पहिलं तेच वाचलं. दोन दिवस लागले ते एक वाक्य वाचायला. घरात नव्हती जागा, वहीत होती. अर्धं पान कोरं ठेवलेलं. मला वाटलं, हे माझ्यासाठीच ठेवलं आहे.”

“पण शकुला तरी ती ओळ कशी ठाऊक? साकी नवी होती.”

“हेच तुम्ही स्वतःला कधी विचारलं नाही,” ती म्हणाली. “शकुची आई बुवांचा सोवळ्यातला स्वयंपाक करायची. बुवा आठ दिवस अंगणात तीच साकी घोळवत होते, आणि शकु आडावर पाणी ओढत होती. तिला त्यांच्याआधी पाठ झाली. पूर्वजन्म कशाला लागतो? आड लागतो.”

मी त्या संध्याकाळी फुहाऱ्याच्या चौकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, पुन्हा गेलो. मला माझ्या डोक्यात आत उतरायचे होते, त्या दुपारी, त्या फरशीवर. दोरा टोचतो, हे खरे. बुवांच्या हाताला कापराचा वास, हेही खरे. गुलाल पापण्यांवर, खरा. मग ओळ? मी ती म्हणतो आहे असे आठवायला लागलो आणि माझ्या ध्यानात आले की ती ओळ माझ्या तोंडात नाहीच. तोंडात पन्ह्याचा आंबट थर आहे, जीभ जड आहे. ओळ आहे ती कानात आहे. डाव्या कानात, अगदी जवळ, खांबाच्या दगडातून आल्यासारखी, बारीक, सर्दीने जरा भरलेली. पंचेचाळीस वर्षे मी एका मुलीचा आवाज कानात घेऊन हिंडलो आणि लोकांना सांगत राहिलो की तो माझ्या गळ्यातून आला. रस्त्यातच मी उभा राहिलो. एक टांगेवाला म्हणाला, “बाबूजी, जाना है कि खड़े रहना है?”

खरे सांगतो, मला त्या क्षणी फार पोरके वाटले. गोष्ट गेल्यावर माझ्यापाशी उरले काय? एक पेन्शनीतला मनुष्य, ज्याने तीस वर्षे गाठी बांधल्या. पण मनात एक हलकेसे काहीतरी हललेही. इतकी वर्षे कीर्तनात बसून दर वेळी मी थोडा जागा राहून पाहायचो, बुवा माझ्याकडे पाहतात का, पुन्हा एकदा अडतात का. सगळ्या जबलपुरात कीर्तन ऐकायची परवानगी नसलेला असा मीच एक होतो, आणि मीच मला ती दिली नव्हती.

रविवारी खोली भरली. बाहेर ओट्यावरही माणसे. नथ्थू बैल सोडून आला होता, तीन पायांचा नव्हे, चांगला चार पायांचा. भाऊराव पहिल्या रांगेत, तपकीर तयार. मी विहिरीच्या पाण्याचे वाचले, दाखल्यांचे वाचले, बैलाचे दोन्ही पानांनी वाचले, आणि भाऊरावांनी मान खाली घालून ते सोसले. मग चौथे पान आले. मी उजवे वाचले. तेजस्वी या शब्दापाशी थांबलो. पाणी प्यायलो. अजूनही उलटता आले असते. अंगठा पानाच्या कोपऱ्यावर होता. सत्यभामेकडे पाहिले, ती सतरंजीचा एक सुटलेला दोरा ओढत बसली होती, माझ्याकडे पाहतच नव्हती. मला वाटते तिने पाहिले असते तर मी उलटलेही असते पान, रागाने. पण ती दोरा ओढत होती, आणि मी डावे पान वाचले.

आणि गंमत पाहा, डावे पान चांगले होते. वाचता वाचता मला ते कळले. उजव्या पानावर एक मुलगा उभा राहून ओळ म्हणतो, त्यात आहे काय? डाव्या पानावर एक झोपतो, एक गाते, बुवा फसतात, देव जन्मतो. मी आपोआप उभा राहिलो. झोपून दाखवले, दचकून दाखवले, टोपी उलटी करून दाखवली. लाळेला खोलीतले बायकापुरुष असे हसले की ओट्यावरचे आत डोकावू लागले. “दुरुस्ती बरोबर आहे,” मी म्हटले. “तो मुलगा मी.”

“नाव घालायचं नाही असा नियम आहे, पंत,” भाऊराव म्हणाले, पण त्यांच्या डोळ्यांना पाणी आले होते. हसण्याचे की तपकिरीचे ते मी वहीत लिहिणार नाही.

हसणे ओसरले, आणि मागून नथ्थूने विचारले, “औ पंडितजी, ऊ मोड़ी को का भओ?” त्या मुलीचे काय झाले?

मी वहीत पाहिले, जणू तिथे असेल. मला ठाऊक नव्हते. पंचेचाळीस वर्षांत मला तिच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक झाली होती, आणि ती मी माझ्या नावावर लावली होती. मग सत्यभामा उठून उभी राहिली. ती भरल्या सभेत कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, त्याच ज्येष्ठात शकुचे लग्न झाले, मझौलीच्या पलीकडे कुठेतरी दिली. सासरी नाव बदलले, काय ठेवले ते इथे कुणाला कळले नाही. पहिल्या दिवाळसणाला आली होती, नाकात नथ, आणि नथीसकट चिंच खात होती. मग तिची आईही गाव सोडून गेली. पुढे काय, ते माहीत नाही. “खोटं कशाला सांगू?” असे म्हणून ती खाली बसली.

म्हणून हे गोष्टीचे तोंड मी तुमच्याकडे करतो आहे. मला आठवू नका, मला ते फुकटचे पुष्कळ मिळाले. आम्ही नथ्थूला विचारायला सांगितले आहे, त्याची गाडी तिकडून जाते, पण नाव ठाऊक नसलेल्या बाईचा पत्ता बैल तरी कसा काढणार? तुमच्यापैकी कुणी तिकडचे असाल, घरातली एखादी म्हातारी पाणी ओढताना गुणगुणत असेल, तर तिला एवढे विचारा की लहानपणी जबलपूरला होतीस का. आणि कुणी भेटली नाही, तरी तिला विसरू नका. शकु. वय आठ. एक डोळा जरासा तिरळा. पाठांतर चोख.